सोलापुरातल्या वटवाघळांची रेबीज तपासणी व्हावी का?

सिद्धेश्वरपेठकर (धागाकर्ता)
मे महिन्यात आमच्याकडे झाडांखाली मेलेली वटवाघळं पडतात. सफाई कामगार फावड्याने उचलून घंटागाडीत टाकतो, विषय संपला. त्यातलं एकही कुणी तपासत नाही. श्रीलंकेत रेबीजच्याच कुळातला गन्नोरुवा नावाचा विषाणू मोठ्या फळखाऊ वटवाघळांत सापडला, २०१६ मध्ये ते जाहीर झालं. आपल्या वडा-चिंचेवर लटकतात त्याच जातीची ती वटवाघळं. नागालँडमधल्या वटवाघळांच्या रक्तात या कुळातल्या विषाणूंविरुद्धची प्रतिपिंडंही (विषाणूशी लढायला शरीर बनवतं ती प्रथिनं) मिळाली आहेत. महापालिका आणि पशुसंवर्धन खात्याने मिळून नमुने तपासायला पाठवावेत असं माझं स्पष्ट मत आहे.

कडकभाकरी
रात्री अकराला सात रस्ता चौकातून दुचाकी घेऊन या, कुत्री मागे लागतात ते बघा, मग बोलू. माणसाला होणारा रेबीज जवळपास ९९ टक्के कुत्र्यांमुळे, हे जागतिक आरोग्य संघटनाच सांगते. केंद्राने २०२१ मध्ये आराखडा आणला, २०३० पर्यंत रेबीज संपवायचा म्हणून. त्याच्या नावातच कुत्रा आहे. कुत्र्यांचं लसीकरण आणि नसबंदी धड होत नाही अन् आपण आभाळाकडे बघत बसायचं? प्रतिपिंडं सापडली म्हणजे विषाणू सापडला असंही नाही.

सिद्धेश्वरपेठकर
श्रीलंकेत विषाणूच सापडला, नुसती प्रतिपिंडं नाहीत. आणि कुत्र्यांचा पैसा इकडे वळवा असं मी कुठे लिहिलंय?

गुरांचाडॉक्टर
दोघांनाही थोडं अडवतो. सोलापूरचा पारा ४२-४३ च्या वर गेला की मोठी वटवाघळं उष्माघाताने झाडावरून पटापट पडतात. ऑस्ट्रेलियात तर एकेका लाटेत हजारोंनी मेली आहेत. म्हणजे मेलेलं वटवाघूळ दिसलं की रेबीज, असं समीकरण मांडू नका. शिवाय तपासणी होते मेंदूच्या ताज्या तुकड्यावर, चमकणारी प्रतिपिंडं लावून सूक्ष्मदर्शकाखाली. मे महिन्याच्या उन्हात दुपारपर्यंत पडून राहिलेल्या वटवाघळाचा मेंदू कशाला उपयोगाचा? रस्त्यावरचं सगळं गोळा करून पाठवलं तर प्रयोगशाळा वैतागेल, आणि 'काही सापडलं नाही' या उत्तराला काडीचा अर्थ राहणार नाही.

तपासायचं तर निवडून. माणसाला चावलेलं, दिवसाढवळ्या जमिनीवर फडफडणारं, मांजराने घरात आणलेलं. अमेरिकेत असंच चालतं. तिथे तपासायला आलेल्या वटवाघळांपैकी साधारण ६ टक्क्यांत रेबीज निघतो, पण ती मुळातच आजारी किंवा पकडली गेलेली असतात. रानातल्या कळपात प्रमाण १ टक्क्याहूनही कमी. ६ चा आकडा घेऊन कुणी बोंब मारू नये म्हणून आधीच लिहून ठेवलं.

पाकोळी_आणि_मी
मला भीती वेगळीच आहे. उद्या पेपरात 'सोलापुरात वटवाघळांची रेबीज तपासणी' एवढी एक ओळ छापून आली की परवा लोक कोयता घेऊन झाडाखाली उभे! कोविडमध्ये आमच्या गल्लीत चिंच तोडा म्हणून अर्ज गेला होता. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने फळखाऊ वटवाघळांना उपद्रवी प्राण्यांच्या यादीत बसवलं होतं. २०२२ च्या दुरुस्तीने ती यादीच काढून टाकली, तेही पन्नास वर्षांनी. कळप हुसकावला तर घाबरलेली, विखुरलेली वटवाघळं जास्त घरांत शिरतात. पाळत ठेवा, पण गुपचूप ठेवा.

कडकभाकरी
गुपचूप? सार्वजनिक आरोग्य गुपचूप कसं करतात ते एकदा समजावून सांगा. निकाल लपवला की अफवा दुप्पट होते. करायचंच तर उघड करा. मी तर म्हणतो करूच नका.

रातपाळीची_नर्स
तुम्ही झाडाखाली भांडताय, गोंधळ दवाखान्यात आहे. एका बाईंच्या बोटाला घरात शिरलेली पाकोळी, म्हणजे छोटं वटवाघूळ, चावली. एका ठिकाणी सांगितलं लस नको, दुसरीकडे म्हणाले आत्ता घ्या. दोघांकडे कागद होता! जागतिक आरोग्य संघटना वटवाघळाशी थेट संपर्क तिसऱ्या, म्हणजे सर्वांत गंभीर वर्गात धरते: लस आणि जखमेत इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन. आपल्या राष्ट्रीय सूचना म्हणतात, भारतात वटवाघळांतला रेबीज निर्विवाद सिद्ध झालेला नाही, म्हणून एरवी गरज नाही. वटवाघळाचे दात इतके बारीक की जखम दिसतही नाही कधीकधी. लक्षणं सुरू झाली की आपल्या हातात काही उरत नाही. मी तरी साबण लावून पंधरा मिनिटं वाहत्या पाण्याखाली हात धुवायला लावते आणि डॉक्टरांना लस द्या म्हणते. गन्नोरुवासारख्या जवळच्या विषाणूंवर नेहमीची रेबीजची लस चालते, ही त्यातल्या त्यात बरी गोष्ट.

सिद्धेश्वरपेठकर
हेच म्हणतोय मी. 'सिद्ध झालेलं नाही' हे वाक्य कुणी तपासल्यावर खोडता येईल किंवा पक्कं करता येईल. तपासायचंच नाही आणि सिद्ध झालेलं नाही म्हणायचं, हे कसलं शास्त्र?

कडकभाकरी
बरं, चावलेल्या माणसासोबत वटवाघूळ आलं तर तेवढंच तपासा, इथपर्यंत मी येतो. त्यापुढे एक रुपयाही नको. पण ते पकडणार कोण? उघड्या हाताने उचलणारा सफाई कामगार? त्याला आधी जाड हातमोजे आणि आगाऊ लस द्या.

गुरांचाडॉक्टर
बर्फाच्या डब्यात ठेवा, गोठवू नका, फॉर्मलिनमध्ये तर बुडवूच नका. आणि डोकं ठेचून मारू नका हो. तपासायला मेंदूच राहत नाही.