मुंबई ओपन: पोरीला पात्रता फेरी दाखवावी की फायनल?

लक्ष्मीपुरीकर

नमस्कार मंडळी. माझं कोल्हापुरात लक्ष्मीपुरीत धान्याचं दुकान आहे. मी तालमीत वाढलेला माणूस, टेनिस मला थोरल्या पोरीमुळं गेल्या तीन वर्षांत कळायला लागलं. ती बारा वर्षांची आहे, रोज पहाटे कोर्टावर असते. यंदा फेब्रुवारीत (२०२५) मुंबईत सीसीआयवर (क्रिकेट क्लब ऑफ इंडिया) मुंबई ओपन झाली, महिला टेनिस संघटनेची डब्ल्यूटीए १२५ दर्जाची स्पर्धा. त्यात कोइम्बतूरची पंधरा वर्षांची माया राजेश्वरन सेमीफायनलपर्यंत गेली. त्या आठवड्यात आमच्या घरात जेवताना दुसरा विषय नव्हता. पुढच्या वेळी स्पर्धा झाली की तुला नेतो, असा शब्द देऊन बसलोय.

दुकान फार दिवस बंद ठेवता येत नाही. रात्रीच्या महालक्ष्मी एक्सप्रेसनं जायचं, दिवसभर खेळ बघायचा आणि रात्रीच्याच गाडीनं परत. म्हणजे एकच दिवस मिळतो. घरचे म्हणतात, एवढं लांब जाताय तर फायनलच बघा. पोरगी म्हणते, पात्रता फेरी बघायची, म्हणजे मुख्य स्पर्धेत शिरण्यासाठी आधी होणारे सामने. मला हे उमगत नाही. खासबागेच्या कुस्ती मैदानात आम्ही एक नंबरच्या कुस्तीसाठी रात्रीपर्यंत थांबायचो, पहिल्या जोडी बघायला लवकर कोण जातं?

आणि ती माया आत आली कशी? वाइल्ड कार्डवर आली म्हणतात, म्हणजे वशिला का? पोरीला विचारलं तर चिडते. जाणकारांनी नीट सांगावं.

कोर्ट नंबर दोन

दादा, पोरीचं ऐका. मी राजारामपुरीत राहते, वीस वर्षं मुलांना टेनिस शिकवते, आणि यंदा सहा मुलांना घेऊन त्याच महालक्ष्मीनं गेले होते.

आधी मायाचं सांगते. आयोजकांकडे काही जागा राखीव असतात, रँकिंग पुरेसं नसलेल्या खेळाडूला ते त्या देऊ शकतात. ते वाइल्ड कार्ड. मायाला मिळालं ते पात्रता फेरीचं, मुख्य ड्रॉचं (मुख्य स्पर्धेच्या यादीचं) नव्हे. तिथं दोन सामने जिंकून ती मुख्य ड्रॉमध्ये आली, पुढं आणखी तीन जिंकली. पाच बायकांना हरवलं तिनं, बहुतेक तिच्यापेक्षा वयानं आणि अनुभवानं मोठ्या. शेवटी जिल टाइशमनकडून हरली, आणि टाइशमननंच स्पर्धा जिंकली. टाइशमन एकेकाळी जगात २१ वी होती. यात वशिला कुठं आला? पहिल्याच सामन्यात हरली असती तर त्याच दिवशी बॅग भरून निघावं लागलं असतं.

मुख्य ड्रॉ ३२ जणींचा. रँकिंगनं वरच्या आठ जणी मानांकित असतात. त्या सुरुवातीलाच एकमेकींना भिडणार नाहीत, आणि पहिली-दुसरी तर फायनलआधी समोरासमोर येणार नाहीत अशा ठेवतात, बाकीच्यांच्या चिठ्ठ्या. तुमच्या कुस्तीत संयोजक तोडीस तोड बघून जोड लावतात, इथं चिठ्ठी निघेल तिच्याशी खेळायचं. विजेतीला पाच सामने, पात्रता फेरीतून आलेलीला सात. विजेतीला रँकिंगचे १२५ गुण मिळतात. विम्बल्डन जिंकलं तर २०००. म्हणून या स्पर्धेत कुणी मिरवायला येत नाही. कुणी पहिल्या शंभरात शिरायला धडपडत असतं, कुणी दुखापतीनंतर परत येत असतं.

आता कुठला दिवस? फायनलला सेंटर कोर्टावर एकच सिंगल्सचा सामना. तुम्ही लांब बसणार, तीन सेट झाले तरी दोन-अडीच तासांत खेळ संपला. पात्रता फेरीला बाजूच्या कोर्टांवर एकावेळी दोन-तीन सामने चालतात आणि तुम्ही जाळीला लागून उभे राहता. बुटांचा कर्र आवाज ऐकू येतो, श्वास ऐकू येतो. आमच्या मुलांनी तिथं एक मुलगी बघितली (नाव मुद्दाम देत नाही), पहिला सेट ६-१ हरलेली. खुर्चीवर बसली, टॉवेल डोक्यावर घेतला, मग उठून रॅकेटच्या तारा एकेक करून सरळ केल्या आणि पुढचा सेट टायब्रेकमध्ये (६-६ झाल्यावरच्या निर्णायक गेममध्ये) घेतला. तिसऱ्यात हरली. अर्ध्या तासानं आम्ही पाणी भरायला गेलो तर ती सरावाच्या कोर्टावर एकटीच सर्व्हिस मारत होती. माझी अकरा वर्षांची एक विद्यार्थिनी तिथून हलायलाच तयार नव्हती. कोल्हापुरात परत आल्यापासून ती गुण हरली की भिंतीकडं तोंड करून तारा सरळ करते, मग वळते. मी दोन वर्षं तिला सांगत होते की पुढचा गुण खेळायच्या आधी थांब. माझ्या सांगण्यानं झालं नव्हतं.

२०२२ ला आपल्या कोल्हापूरची ऐश्वर्या जाधव विम्बल्डनच्या १४ वर्षांखालील स्पर्धेत खेळली, तेव्हापासून इथल्या पालकांना फक्त विम्बल्डन दिसतं. मधल्या पायऱ्या कुणी बघत नाही. तुमची पोरगी त्याच बघायचं म्हणतेय.

चर्चगेटवाला

मूळचा कसबा बावड्याचा, नोकरी मुंबईत. मी उलट सांगेन, शेवटचे दिवस बघा. २०१७ ला याच स्पर्धेत, याच सीसीआयवर ऑफिस सुटल्यावर गेलो होतो. बेलारूसची एकोणीस वर्षांची उंच मुलगी खेळत होती. फोरहँडचा आवाजच वेगळा, चेंडू नव्हे काहीतरी फुटल्यासारखा. ती आर्यना सबालेन्का. ती स्पर्धा जिंकली आणि २०२३ च्या सप्टेंबरात जगात पहिली झाली. त्या संध्याकाळी आमच्या रांगेत कितीतरी खुर्च्या रिकाम्या होत्या, आज ते आठवलं की हळहळतो. शेवटच्या टप्प्याला अशी माणसं गवसतात.

कोर्ट नंबर दोन

चर्चगेटवाला, मान्य. पण तुम्ही नोकरीमुळं रोज जाऊ शकत होता. दादांना एकच दिवस आहे आणि पोरगी स्वतः खेळणारी आहे. बघणाऱ्यासाठी फायनल, खेळणाऱ्यासाठी पात्रता. यावर मी हटणार नाही.

लक्ष्मीपुरीकर

ताई, तुमचं उत्तर पोरीला मोठ्यानं वाचून दाखवलं. टॉवेलच्या ठिकाणी मला थांबवलं आणि दुसऱ्यांदा वाचायला लावलं. वशिल्याचं बोललो ते चुकलं माझं, तिची माफी मागितली. पात्रता फेरीलाच जाणार.

ती आणखी विचारते, सामन्यात मधेच चेंडू का बदलतात? आणि आत डबा नेऊ देतात का? तिची आजी शेंगदाण्याची चटणी आणि भाकरी बांधून देणार म्हणून बसली आहे.

कोर्ट नंबर दोन

मारून मारून चेंडूची लव फुगते आणि आतली हवा कमी होते, मग तो मंद पडतो. म्हणून पहिल्यांदा सात गेमनंतर बदलतात आणि पुढं दर नऊ गेमनंतर. पहिला बदल दोन गेम आधी, कारण तेच चेंडू वॉर्मअपलाही वापरलेले असतात. तिला गेम मोजत बसायला सांगा, सर्व्हिस करणारी नवा चेंडू दाखवते ते बरोबर टिपता येईल.

डब्याचं तिथल्या गेटवरच्या माणसाला विचारा. आम्ही सीएसएमटीला उतरल्या उतरल्या फलाटावरच खाऊन घेतलं आणि चालत चर्चगेट गाठलं. टोपी आणि पाण्याची बाटली विसरू नका, फेब्रुवारीतही तिथं दुपारी ऊन लागतं. महालक्ष्मीचं रिझर्वेशन साठ दिवस आधी सुटतं. तारखा जाहीर झाल्या की मी इथंच टाकते, जाता-येताची दोन्ही तिकिटं एकदमच काढा.