‘जडत्व’ म्हणजे जडपणा का?

प्रश्न: बोलताना आपण वजनदार वस्तूला जड म्हणतो. मग जडत्व म्हणजे वजनच का? आणि ब्रेक दाबल्यावर प्रवासी ‘जडत्वाच्या बलाने’ पुढे फेकला जातो, हे लिहिणं बरोबर आहे का?

प्रतिसाद: हा ‘जड’ जड-चेतनातला. आपणहून काही न करणारा. थांबला असेल तर थांबलेला राहील, चालता असेल तर त्याच चालीने सरळ रेषेत जात राहील. घोटाळा दुसऱ्या अर्ध्या भागात होतो, कारण सतत पळणाऱ्या वस्तूला जड म्हणायला जीभ रेटत नाही. खगोलशास्त्रज्ञ केप्लरने जडत्वासाठी ‘इनर्शिया’ (मूळ अर्थ निष्क्रियता, आळस) हा शब्द आणला तेव्हा त्यालाही फक्त स्थिर राहण्याची वृत्तीच अभिप्रेत होती. सरळ रेषेतली एकसमान गतीही त्यात धरून न्यूटनने नियम मांडला तो 1687 मध्ये.

वजनाचं म्हणाल तर, कक्षेत फिरणाऱ्या अंतराळयानात तराजू निकामी ठरतो, जडत्व मात्र तसंच राहतं. 1973 मध्ये स्कायलॅब या अमेरिकी अंतराळस्थानकावर अंतराळवीरांना स्प्रिंगच्या खुर्चीत बसवून झुलवत आणि एका झोक्याला लागणाऱ्या वेळावरून वस्तुमान, म्हणजे जडत्वाचं माप, काढत. जितकं वस्तुमान जास्त, तितका झोका संथ.

दुसरा प्रतिसाद: ‘जडत्वाचं बल’ टाळावं. गाडी मंदावते, तुम्ही पहिल्याच चालीने पुढे जात असता. कोणी ढकलत नाही. खरं बल सीटबेल्टचं, आणि तेही मागच्या दिशेला. अर्थात खुद्द न्यूटननेही लॅटिनमध्ये ‘जडत्वाचं बल’ असंच लिहिलंय, तेव्हा विद्यार्थ्यांना फार रागावू नये.

प्रश्न: मग ‘वेगमर्यादा’? पुस्तकात वेगाला दिशा असते, पाटीवर तर नुसता आकडा असतो.

प्रतिसाद: काटेकोर बोलायचं तर ‘चालमर्यादा’, कारण दिशा सोडून नुसता आकडा म्हणजे ‘चाल’. पण तसं कोणी म्हणणार नाही आणि म्हणूही नये! भेद वळणावर कळतो. काटा 60 वरच असतो, म्हणजे चाल तीच, तरी दिशा बदलते म्हणून वेग बदलतो आणि त्यासाठी बल लागतं. सपाट रस्त्यावर ते टायरच्या घर्षणातून मिळतं. चाल दुप्पट केली की त्याच वळणाला चौपट बल लागतं. घर्षण मात्र ठरावीक मर्यादेपलीकडे देत नाही. मग गाडी वळण सोडून जवळपास सरळ निघते. ब्रेक लावल्यावर थांबायला लागणारं अंतरही असंच चौपट होतं, वर चालकाला भान यायला लागणारा वेळ वेगळाच.

तिसरा प्रतिसाद: ‘अंतिम वेग’ हा शब्द मला अजून खटकतो. पडणाऱ्या वस्तूवरचा हवेचा विरोध वाढत वाढत वजनाइतका झाला की निव्वळ बल शून्य, आणि पुढे वेग वाढत नाही. मोठा पावसाचा थेंब सेकंदाला सुमारे 9 मीटरवर अडकतो. पण हवाई छत्री (पॅराशूट) घेऊन उडी मारणारा आधी ताशी 200 किलोमीटरच्या आसपास स्थिरावतो आणि छत्री उघडल्यावर त्याहून पुष्कळ कमी वेगावर पुन्हा स्थिरावतो. एका उडीत दोन ‘अंतिम’ वेग! ‘सीमांत वेग’ त्यातल्या त्यात बरा.