दुरुस्त केलेली व्हिक्टोरियन हवेली विकत घ्यावी का? आणि घ्यावी तर जमिनीसकट की जमिनीवाचून?

सेव्हर्नकाठचा (धागा मांडणारा):

आम्ही पाच मराठी कुटुंबे गेली तीस-पस्तीस वर्षे इंग्लंडच्या मिडलंड्स भागात राहत आहोत. बहुतेक जण डॉक्टर, काही निवृत्त झालेले, बाकीचे निवृत्तीच्या दारात. उतारवयात पाच उपनगरांत पाच ठिकाणी एकेकट्याने राहण्यापेक्षा एकत्र राहावे, हा विषय दरवर्षी दिवाळीच्या फराळाला निघतो आणि फराळाबरोबर संपतो. यंदा मात्र एका मित्राने चकलीच्या डब्याशेजारी एक जाड, गुळगुळीत माहितीपत्रक आणून ठेवले. श्रॉपशरमधील १८६० च्या दशकातील हवेली, दहा वर्षे खपून दुरुस्त केलेली. भोवती बाग, तबेले, तीन कॉटेजे, कुळाकडे असलेली शेती आणि थोडे रान, असे सगळे मिळून सुमारे २८० एकर. एकत्रित किंमत ५० लाख पौंड आणि नुसती हवेली व बाग घेतली तर ३० लाख. शेवटच्या पानावरच्या नकाशात जमीन सहा रंगांत रंगवली आहे आणि खाली बारीक अक्षरांत लिहिले आहे : 'एकत्र अथवा सहा भागांत विक्रीस उपलब्ध.'

माझे मत असे की हवेली घ्यावी, पण घ्यायची तर सगळी घ्यावी. ही घरे कुळांच्या खंडावर, म्हणजे जमिनीच्या भाड्यावर चालत. चाळीस खोल्यांचे छप्पर, शेगड्यांचा कोळसा, मोलकरणी, माळी हा सगळा खर्च शेतीतून निघे. १८७० नंतर अमेरिकेचे स्वस्त धान्य आले आणि खंड घसरला. १८८२ च्या कायद्याने पिढ्यान्‌पिढ्या बांधून ठेवलेल्या जमिनी विकण्याची मुभा दिली. १८९४ पासून वारसा कर आला आणि १९४९ पर्यंत सर्वांत मोठ्या मिळकतींवर त्याचा दर ८० टक्क्यांवर गेला. मालकांनी आधी जमीन विकली आणि घर ठेवले. मग उत्पन्नावाचून उभे राहिलेले ते घर पुढच्या पिढीने पाडले. १९७४ साली लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाने अशा पाडलेल्या घरांवर प्रदर्शन भरवले, तेव्हा विसाव्या शतकात गमावलेल्या घरांची यादी हजाराच्या पुढे गेली होती. तो इतिहास समोर असताना या नकाशावरचे सहा रंग मला भेडसावतात. आपले मत काय?

ओलीचा वैरी:

मी जुन्या इमारतींच्या पाहणीचे काम करतो, त्यामुळे माझा प्रतिसाद थोडा कडवट लागेल. तुमच्या पत्रकातील सर्वांत महाग शब्द 'दुरुस्त केलेली' हा आहे आणि त्याची तपासणी तुमच्या पोस्टमध्ये कुठेच नाही. दुरुस्ती कशाने केली? या भिंती चुन्यात बांधलेल्या असतात. पावसाचे पाणी आत जाते आणि चुन्यातून परत बाहेर पडते. कुणी हौसेने सांधे सिमेंटने भरले की पाणी आत जाते खरे, पण बाहेर पडत नाही. पुण्यातल्या वाड्यांना सिमेंटचा गिलावा केल्यावर काय झाले ते आपल्यापैकी अनेकांनी पाहिले आहे. श्रॉपशरच्या पावसात तेच अधिक वेगाने होते.

दुसरी गोष्ट छपराची. व्हिक्टोरियन वास्तुरचनाकारांना शिखरे, बुरूज आणि धुराडी यांची भारी हौस होती, आणि प्रत्येक शिखराच्या बगलेत शिशाच्या पत्र्याची एक पन्हळ दडलेली असते. ती पानांनी तुंबली की पाणी भिंतीत उतरते, भिंतीत खोवलेले तुळईचे टोक भिजते आणि तिथे ड्राय रॉट नावाची लाकूड खाणारी बुरशी धरते, जी विटांच्या सांध्यांतून पुढच्या खोलीपर्यंत पसरू शकते. माहितीपत्रकात दिवाणखान्याचे अकरा फोटो असतील, पोटमाळ्याचा एकही नसेल. म्हणून घर पाहायला जाल तेव्हा चांगला दोन दिवस पाऊस झाल्यावर जा आणि आधी वर चढा. एका 'संपूर्ण दुरुस्त' घराच्या पोटमाळ्यावर मला एकदा पत्र्याच्या चार बादल्या ओळीने मांडलेल्या दिसल्या होत्या. त्यांपैकी तिसरीत पाणी होते.

शिवाय इमारत बहुधा लिस्टेड, म्हणजे वारसा यादीतील असणार. अशा घरात परवानगीवाचून केलेला बदल हा गुन्हा आहे आणि तो पूर्ववत करण्याची नोटीस नव्या मालकावरही बजावता येते, मग तो बदल आधीच्या मालकाने वीस वर्षांपूर्वी केलेला का असेना. दुरुस्तीवर २० टक्के व्हॅट द्यावा लागतो. कोऱ्या नव्या घराच्या बांधकामावर मात्र तो शून्य आहे. लिस्टेड घरांतील मंजूर फेरबदलांना पूर्वी सूट होती, ती ऑक्टोबर २०१२ पासून गेली. पाच निवृत्त कुटुंबांनी या फंदात पडू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. जमिनीचा प्रश्न त्यानंतरचा.

कुळाचा नातू:

माझा विरोध वेगळ्या कारणासाठी आहे. धागाकर्त्याने 'कुळाकडे असलेली शेती' हे शब्द नकाशातल्या एका रंगाइतक्या सहजपणे लिहिले आहेत. माझे आजोबा सातारा जिल्ह्यात कूळ होते आणि १ एप्रिल १९५७ या कृषक दिनाचा उल्लेख आमच्या घरात सणासारखा होत असे, कारण त्या दिवशी कसणाऱ्याचे नाव मालक म्हणून लागण्याची वाट कायद्याने मोकळी झाली. इंग्लंडमध्ये तसा कायदा झाला नाही. इथल्या कुळाला जमीन मिळाली ती बव्हंशी मालक अडचणीत येऊन भागांत विक्री करू लागला तेव्हा. पहिल्या महायुद्धानंतरच्या तीन-चार वर्षांत कितीतरी कुळांनी आपापली शेते अशीच विकत घेतली. म्हणजे ज्या तुकड्यांचे तुम्हाला भय वाटते तेच कुणाचे तरी पहिले स्वतःचे शेत होते. तुम्ही सगळे एकत्र घेतलेत तर त्या शेतकऱ्याला बोली लावण्याची संधीही उरणार नाही. आणि जमीनदाराचा खंड बंद पडला म्हणून हळहळणारे मराठी लोक पाहून मला तरी गंमत वाटली.

दुसरे असे की ही घरे फक्त खंडावर उभी राहिली नाहीत. सॉमरसेटमधील टाइन्ट्सफील्ड हे व्हिक्टोरियन हवेलीचे सर्वांत गाजलेले उदाहरण घ्या. विल्यम गिब्ज यांनी ती मिळकत १८४३ साली घेतली आणि १८६० च्या दशकात तिचे आजचे गॉथिक रूप घडवले. पैसा आला पेरूजवळच्या चिंचा बेटांवरील ग्वानोतून, म्हणजे समुद्रपक्ष्यांच्या विष्ठेच्या खतातून, आणि ती विष्ठा उकरायला करारावर आणलेले चिनी मजूर होते, ज्यांचे हाल त्या काळातही कुप्रसिद्ध होते. जुनी घरे आणि जमिनी जपणाऱ्या नॅशनल ट्रस्ट या संस्थेने सप्टेंबर २०२० मध्ये आपल्या ९३ ठिकाणांचे वसाहती आणि गुलामगिरी यांच्याशी असलेले संबंध मांडणारा अहवाल काढला, तेव्हा केवढा गहजब झाला होता हे इथल्या लोकांना आठवत असेल. अशा घरात राहायला जाण्यापूर्वी आपण कुणाच्या बाजूचे होतो, हे विचारात घ्यावे.

माडीवरचा:

टाइन्ट्सफील्डचे उदाहरण दिलेत ते बरे केलेत, पण ते अर्ध्यावर सोडलेत. २००१ साली तिथले अविवाहित मालक, दुसरे लॉर्ड रॅक्सॉल, वारले; अनेक वारस असल्यामुळे मिळकत विक्रीला निघाली, आणि तीही भागांतच. वारसा वाचवण्यासाठी असलेल्या नॅशनल हेरिटेज मेमोरियल फंड या सरकारी निधीने १ कोटी ७४ लाख पौंड दिले, लोकांनी काही महिन्यांत लाखो पौंडांची वर्गणी जमवली आणि २००२ साली ट्रस्टने हवेली व तिच्या भोवतीची जमीन घेतली. दूरचे तुकडे इतरांकडे गेले. आतल्या सामानाची मोजदाद सुरू झाली तर आकडा हजारोंच्या घरात गेला, कारण चार पिढ्यांनी काही टाकलेच नव्हते. ग्वानोची आणि चिनी मजुरांची गोष्ट आज तिथे येणाऱ्याला सांगता येते ती ते घर शाबूत असल्यामुळे. १९५० च्या दशकात ते पाडले असते तर तुम्ही आज कशाकडे बोट दाखवले असते?

तो फंड आला कुठून, हेही सांगण्यासारखे आहे. बकिंगहॅमशरमध्ये मेंटमोर नावाची हवेली आहे. लंडनचे क्रिस्टल पॅलेस हे काचेचे प्रदर्शनगृह उभारणाऱ्या जोसेफ पॅक्स्टनने ती १८५० च्या दशकात रॉथशील्ड या धनाढ्य बँकर कुटुंबासाठी बांधली. पुढे ती लॉर्ड रोझबरी यांच्या घराण्याकडे गेली. १९७० च्या दशकात वारसा कराच्या पेचात सापडलेल्या वारसाने घर आणि आतला संग्रह सरकारला २० लाख पौंडांत देऊ केला. सरकारने नकार दिला. १९७७ साली सामानाचा लिलाव झाला आणि एकट्या सामानाचे ६० लाखांहून अधिक आले. त्यातले एक चित्र दुसऱ्याच कुणाचे समजून ८,००० पौंडांना गेले. पुढे ते फ्रागोनार या अठराव्या शतकातल्या फ्रेंच चित्रकाराचे ठरले आणि नॅशनल गॅलरीला त्यासाठी ४,९५,००० पौंड मोजावे लागले. या नाचक्कीनंतर १९८० साली तो फंड स्थापन झाला.

रिकामे मेंटमोर कुणी घेतले, हे आपल्या वाचकांनी ऐकावेच : महर्षी महेश योगींच्या भावातीत ध्यानाच्या चळवळीने! रॉथशील्डांच्या काचेच्या छताखालच्या दालनात वीस वर्षे ध्यानधारणेची मंडळी वावरत होती. नंतर ते एका गुंतवणूकदाराकडे गेले, हॉटेल करण्याची योजना पुरी झाली नाही आणि घराची रया जात राहिली. तेव्हा भारतीयांनी व्हिक्टोरियन हवेलीत राहायला जावे की नाही, हा प्रश्न १९७८ पासून जुना झाला आहे. माझे म्हणणे इतकेच की माणसे राहत असलेले घर टिकते. ट्रस्टच्या दोरीपलीकडून पाहिलेला पलंग आणि रोज कुणी झोपून उठते तो पलंग यांत मला दुसरा आवडतो. किट मार्टिन या वास्तुरचनाकाराने १९७० आणि ८० च्या दशकांत अशा कितीतरी हवेल्यांची आतल्या आत स्वतंत्र घरे करून त्या वाचवल्या. पाच कुटुंबांचा बेत अगदी त्याच वाटेचा आहे.

हिशेबनीस:

सर्वांनी इतिहास सांगितला, मी आकडे सांगतो. इंग्लंडमध्ये नुसते निवासी घर ३० लाखांना घेतले तर प्रचलित दराने मुद्रांक कर २,७३,७५० पौंड होतो, कारण १५ लाखांवरील रकमेला १२ टक्के दर लागतो. पण घराबरोबर खरीखुरी, कुळाकडे दिलेली शेतजमीन एकाच व्यवहारात घेतली तर तो व्यवहार मिश्र ठरतो आणि त्याला बिगरनिवासी दर लागू होतात, ज्यांत वरचा दर ५ टक्केच आहे. ५० लाखांच्या एकत्रित खरेदीवर कर येतो २,३९,५०० पौंड. म्हणजे २० लाखांची जास्त मिळकत घेऊन कर ३४,२५० पौंडांनी कमी. या सवलतीचा दुरुपयोग फार झाल्यामुळे करखाते अशा दाव्यांकडे संशयाने पाहते. घोडा चरायला सोडलेले कुरण दाखवून भागणार नाही. तुमच्याकडे रीतसर भाडेपट्टा असलेले कूळ आहे, म्हणून बाजू भक्कम वाटते.

कुळाचा नातू:

म्हणजे कुळाचा उपयोग कर वाचवण्यासाठी. आजोबांना सांगायला हवे होते.

माडीवरचा यांना एवढेच म्हणेन की घर पाडा, असे मी कुठेही लिहिलेले नाही. घर राहू द्या, शेत कसणाऱ्याला द्या. या दोन गोष्टींत विरोध आहे, हे गृहीतकच मला मान्य नाही. टाइन्ट्सफील्डचे दूरचे तुकडे इतरांकडे गेले, तरी घर उभे आहेच की.

माडीवरचा:

टाइन्ट्सफील्डच्या मागे देशभराची वर्गणी आणि राष्ट्रीय लॉटरीचा पैसा होता. या पाच कुटुंबांच्या मागे निवृत्तिवेतन आहे. तुलना तिथेच थांबते.

ओलीचा वैरी:

हिशेबनीसांनी वाचवलेले ३४,२५० पौंड एका शिखराच्या शिशात जातील, तेही परांची बांधण्याचा खर्च वेगळा धरून. तरीही भागांत विक्रीबद्दल मला एक मुद्दा मांडायचा आहे, आणि तो अनिच्छेने का होईना, धागाकर्त्याच्या बाजूने जातो. खेड्यातल्या अशा घरांना अनेकदा नळाचे सार्वजनिक पाणी नसते. पाणी वरच्या अंगाच्या झऱ्यातून येते आणि सांडपाणी खालच्या अंगाच्या टाकीत जाते. मालक एक होता तोवर झरा कुठल्या शेतात आहे, हे कुणी विचारले नाही. सहा भाग पडले की झरा एकाचा, पाइप दुसऱ्याच्या शेतातून, टाकी तिसऱ्याच्या कुरणात, आणि दस्तात वहिवाटीचे हक्क नीट लिहिले नसतील तर भांडण वकिलांच्या पोरांना पुरते. वाड्यातल्या सामायिक आडावरून चुलत घराण्यांत जे होते तेच, फक्त इंग्रजीत आणि तासाच्या दराने. सेव्हर्नकाठचा, तुमच्या नकाशावर झरा कोणत्या रंगात आहे?

सेव्हर्नकाठचा:

आपण सर्वांनी मनापासून लिहिलेत, त्याबद्दल आभार. गेल्या आठवड्यात दोन दिवस संततधार लागली होती, म्हणून शनिवारी आम्ही तिघे घर पाहायला गेलो आणि सांगितल्याप्रमाणे आधी पोटमाळ्यावर चढलो. बादल्या नव्हत्या. उत्तरेकडच्या भिंतीवर हाताच्या पंजाएवढा एक गडद डाग होता; एजंटने तो जुना असल्याचे सांगितले, मित्राने बोट लावले तर बोट ओले झाले. स्वयंपाकघराबाहेरच्या बोळात मोलकरणींना बोलावण्याच्या घंटांची फळी अजून आहे, प्रत्येक घंटेखाली सोनेरी अक्षरांत खोलीचे नाव. कुळाचा नातू यांचे वाक्य मनात होते, त्यामुळे त्या फळीचा फोटो काढायला हात धजला नाही.

कूळ असलेल्या शेतकऱ्यालाही भेटलो. त्याने चहा दिला आणि सांगितले की त्याला घराशेजारची साठ एकर घ्यायची आहे, पण एजंटने अजून त्याला विचारलेले नाही. नकाशात त्या साठ एकरांचा रंग पिवळा आहे. घरी येऊन चष्मा लावून पाहिले : झऱ्याची खूण त्याच पिवळ्या रंगात आहे. आता आमच्यात असा विचार चालला आहे की ते शेत त्यालाच घेऊ द्यावे, पाण्याच्या आणि पाइपच्या हक्काचा दस्त आधी करून घ्यावा आणि बाकीचे आपण घ्यावे. म्हणजे सगळे घ्यावे, हे माझे मूळचे मत साठ एकरांनी कमी झाले आहे. असे केल्यावरही व्यवहार मिश्र ठरण्याइतकी कुळाकडची जमीन उरते का, हे हिशेबनीसांनी कृपया सांगावे. झऱ्याच्या हक्काचे कागद मी सोमवारी एजंटकडे मागितले आहेत. आज गुरुवार, अजून उत्तर नाही.