माळकरी जोडीदार, मांसाहारी मित्रमंडळी आणि थाई-चिनी हॉटेलातले एकच टेबल

प्रश्न : आंबाझरी

नमस्कार मंडळी. आम्ही तीन जोडपी गेली सहा वर्षे दर महिन्याच्या शेवटच्या शनिवारी रात्री एकत्र बाहेर जेवतो. माझे यजमान माळकरी घरातले आहेत. मांस, मासे, अंडी त्यांना वर्ज्य आहेत, आणि कांदेनवमी झाली की चातुर्मास संपेपर्यंत ते कांदा-लसूणही सोडतात. मी मात्र मांसाहारी माहेरातून आले आहे, बाहेर गेल्यावर कोळंबी आवडीने खाते, आणि लग्नाच्या बारा वर्षांत त्यांनी त्यावरून कधी नाक मुरडलेले नाही. उरलेली दोन्ही जोडपी सावजी रस्सा खाणारी आहेत. नागपुरात धरमपेठ, रामदासपेठ, सदर या भागांत थाई, कोरियन, जपानी पदार्थ मिळू लागल्यापासून आम्हा सगळ्यांनाच या चवींची गोडी लागली आणि त्यात यजमानही मागे नव्हते.

चार महिन्यांपूर्वी एका थाई जेवणाच्या ठिकाणी त्यांच्यासाठी हिरवी करी मागवली. मेनूत तिच्यापुढे शाकाहाराची हिरवी खूण होती आणि विचारल्यावर वेटरनेही 'व्हेजच आहे' असे सांगितले. जेवण अर्ध्यावर आले असताना मी हात धुवायला उठले. वाटेत स्वयंपाकघराची खिडकी होती आणि तिथे आचारी एका उंच बाटलीतून कढईत काहीतरी ओतत होता. बाटलीवर माशाचे चित्र होते. मी विचारले, तर तो अगदी सहजपणे म्हणाला, "मॅडम, सगळ्याच करीत दोन चमचे जातात, त्याशिवाय चव येत नाही." मी परत येऊन यजमानांच्या कानात सांगितले. त्यांनी चमचा ताटलीच्या कडेला ठेवला, पाणी प्यायले आणि सगळ्यांचे होईपर्यंत गप्पांत भाग घेत बसून राहिले. घरी आल्यावर त्यांनी रात्री साडेअकराला आंघोळ केली.

त्यानंतर ते आमच्याबरोबर येतात, पण साधा भात आणि लिंबू सोडा यांपलीकडे काही मागवत नाहीत. मित्र आपण होऊन म्हणतात की पुन्हा पनीर आणि दाल तडक्याच्या हॉटेलात जाऊ. आपल्यामुळे सगळ्यांना आवड सोडावी लागते, हे यजमानांना त्या साध्या भातापेक्षाही जड जाते. अशा ठिकाणी नेमके काय विचारावे, सहा जणांसाठी जेवण कसे मागवावे, आणि हा प्रयत्न करावा की सोडून द्यावा, याबद्दल अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

उत्तर १ : मीठमोहरी

ताई, आपल्या यजमानांना जो त्रास झाला तो वाचून मनापासून वाईट वाटले. मी अठरा वर्षे हॉटेलांच्या स्वयंपाकघरांत काम केले आहे, त्यामुळे थोडे सविस्तर लिहितो.

आपल्याकडे 'व्हेज आहे का' या प्रश्नाचा अर्थ 'यात मटण-चिकनचे तुकडे आहेत का' असा घेतला जातो. वेटर खोटे बोलत असतो असे नाही, तो भांड्यात वरून दिसते तेवढेच सांगत असतो. थाई, व्हिएतनामी, कोरियन आणि जपानी स्वयंपाकात प्राणिज पदार्थ फोडींत कमी आणि चवीच्या मुळात जास्त असतो, म्हणून प्रश्न भाजीबद्दल विचारू नये, सॉस, वाटण आणि पाणी या तीन गोष्टींबद्दल विचारावा.

थाई करीपासून सुरुवात करतो. आपण जी बाटली पाहिली ती 'नाम प्ला', म्हणजे मासे मिठात मुरवून काढलेले पाणी. ते वगळायला सांगितले तरी करी शाकाहारी होईलच असे नाही, कारण थाई वाटणातच बहुधा 'कापी' म्हणजे आंबवलेल्या सुक्या जवळ्याची चटणी कुटलेली असते. बहुतेक ठिकाणी हे वाटण तयार डब्यातून येते आणि एकदा डबा उघडला की त्यातून जवळा काढता येत नाही. म्हणून 'पेस्ट डब्यातली आहे की इथे वाटता?' हा पहिला प्रश्न. डब्यातली असेल तर डबा पाहायला मागा. आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या पाकीटबंद खाद्यपदार्थांवर शाकाहाराची हिरवी किंवा मांसाहाराची तपकिरी खूण असावी लागते, आणि तोंडी उत्तरापेक्षा ती खूण केव्हाही भरवशाची. जवळ्याशिवाय केलेली तयार वाटणेही बाजारात मिळतात.

चिनी पद्धतीत ऑयस्टर सॉस कालवांच्या अर्कापासून करतात, मात्र अळिंबीपासून केलेला शाकाहारी प्रकारही सर्रास मिळतो. सोया सॉस सोयाबीन, गहू आणि मीठ यांपासून आंबवतात, त्यामुळे त्याची काळजी नको. सूपमध्ये 'स्टॉक' काय वापरता ते अवश्य विचारा, कारण व्हेज मंचाव सूपमध्येसुद्धा चिकनची पूड टाकलेली मी स्वतः पाहिली आहे. काही नूडल्स अंडे घालून मळलेल्या असतात, तेही पाकिटावर पाहावे. जपानी मिसो सूपचे (आंबवलेल्या सोयाबीनच्या लगद्याचे सूप) पाणी म्हणजे 'दाशी', आणि ते बहुधा सुकवलेल्या बोनिटो माशाच्या पापुद्र्यांपासून काढतात. फक्त 'कोंबू' या समुद्री शेवाळापासून किंवा सुक्या शिताके अळिंबीपासून काढलेली दाशीही असते, ती आपल्याला चालेल. कोरियन किमचीत, म्हणजे आंबवलेल्या कोबीच्या तोंडीलावण्यात, मासळीचा सॉस किंवा खारवलेली बारीक कोळंबी असणे हीच रीत आहे. अजिनोमोटोबद्दल अनेक माळकरी घरांत शंका असते. 1908 साली किकुनाए इकेदा या जपानी रसायनशास्त्रज्ञाने तो स्वाद याच कोंबूमधून वेगळा काढला, आणि आज तो उसाच्या मळीसारख्या पदार्थांना आंबवून तयार करतात. आवडनिवड वेगळी, पण व्रताला त्याची बाधा नाही.

आता आपल्या यजमानांना आवर्जून सांगावी अशी गोष्ट. ज्या देशांतून हे पदार्थ आले, तिथेही माळकऱ्यांसारखे आहार पाळणारे लोक आहेत. थायलंडमध्ये 'जे' नावाचा आहार आहे. त्यात मांस, मासे, अंडी, दूध तर नसतेच, शिवाय कांदा, लसूण आणि त्यांच्या जातीची उग्र वासाची पातही वर्ज्य असते. चिनी चांद्र वर्षाच्या नवव्या महिन्यात, म्हणजे आपल्या नवरात्राच्या आसपास, नऊ दिवस तिथे हजारो लोक हा नेम करतात आणि असे जेवण देणाऱ्या दुकानांवर पिवळ्या पताकेवर लाल अक्षरांत ती खूण लावतात. चिनी बौद्ध भिक्षूंचा आहार आणि जपानी मठांतला 'शोजिन र्‍योरी' हा स्वयंपाकही कांदा-लसणाशिवाय करतात. तेव्हा चातुर्मासातले नियम सांगताना संकोच करण्याचे कारण नाही. जाणता आचारी असेल तर 'जे' हा एक शब्द ऐकून त्याला सगळे कळेल, आणि कळले नाही तर नियम एक-एक करून सांगता येतात.

उत्तर २ : प्रतापनगर

मीठमोहरी यांनी काय विचारावे ते सांगितले, मी केव्हा विचारावे ते सांगते. आमच्या गटात एक जैन मैत्रीण आहे आणि एकाला कोळंबीची अ‍ॅलर्जी आहे, त्यामुळे आम्हाला हे सगळे करूनच बाहेर पडावे लागते.

शनिवारी रात्री नऊ वाजता स्वयंपाकघरातल्या कोणालाही बोलायला सवड नसते. आम्ही आदल्या दिवशी दुपारी चारच्या सुमारास फोन करतो आणि काउंटरवरच्या व्यक्तीशी न बोलता थेट मुख्य आचाऱ्याला बोलावून घेतो. त्या वेळी दुपारची गर्दी ओसरलेली असते आणि संध्याकाळची तयारी सुरू व्हायची असते. ज्या ठिकाणी आचारी फोनवर यायला तयार नसतो किंवा 'या तुम्ही, करून देऊ' एवढेच सांगतो, तिथे आम्ही जात नाही. ज्या ठिकाणी तो उलट आपल्यालाच चार प्रश्न विचारतो, तिथे निर्धास्तपणे जावे.

मागवताना आमचा क्रम ठरलेला आहे. सहा जण असतील तर आधी सर्वांनी खायचे तीन शाकाहारी पदार्थ मागवतो आणि ते टेबलावर आल्यावरच दोन मांसाहारी. त्यामुळे ज्याला वर्ज्य आहे तो एकटा आपली प्लेट घेऊन कोपऱ्यात बसल्यासारखा दिसत नाही. प्रत्येक भांड्यात वेगळा डाव मागून घ्यावा, आणि फ्राइड राइसऐवजी वाफवलेला भात सांगावा, कारण परतण्याची कढई गर्दीच्या वेळी नीट धुतली जात नाही. चॉपस्टिकने खाणाऱ्यांनी आपली काडी सगळ्यांच्या भांड्यात घालू नये. भातात ती उभी खोचून ठेवणे तर चीन-जपानकडेही अशुभ मानतात, कारण मृतासाठी ठेवलेल्या भाताची ती खूण आहे. आपल्याला पिंड ठाऊक आहे, त्यामुळे हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

बिलाचेही आधीच ठरवून घ्या. आम्ही मांसाहारी पदार्थांची रक्कम आणि तेवढ्यावरचा कर खाणाऱ्यांमध्ये वाटतो आणि बाकीचे सर्वांत समान. साध्या भातावर उठलेल्या माणसाने कोळंबीचा हिस्सा भरायचा आणि कोणी काही बोलायचे नाही, असे महिनोन्‌महिने चालले की मैत्रीत नकळत अढी बसते.

उत्तर ३ : गोकुळपेठ

माझे मत थोडे वेगळे आहे आणि ते मी मोकळेपणाने मांडतो. आचाऱ्याने फोनवर कितीही ग्वाही दिली तरी शनिवारच्या धांदलीत एक कढई, एक झारा, एक तेल हेच खरे. माळ ही आवडीनिवडीची बाब नाही, ज्याने ती घातली आहे त्याला 'बहुधा' हा शब्द पुरत नाही. म्हणून ज्या ठिकाणी मांस शिजतच नाही अशा शुद्ध शाकाहारी ठिकाणीच सर्वांनी जावे. नागपुरात अशा हॉटेलांतही आता थाई करी आणि डिमसम (मोमोसारखे चिनी पदार्थ) मिळतात. मित्रांनी महिन्यातून एक संध्याकाळ मांसाहार सोडणे ही काही फार मोठी मागणी नव्हे.

उत्तर ४ : मीठमोहरी

गोकुळपेठ यांचा मुद्दा मला पूर्णपणे मान्य आहे, मात्र तो कोणाला लागू आहे हे ताईंच्या यजमानांनीच ठरवायचे आहे. पत्नीच्या ताटातली कोळंबी शेजारी असताना ते बारा वर्षे जेवत आले आहेत, म्हणजे शेजार त्यांना चालतो आणि भेसळ चालत नाही. कढईही वेगळी हवी असेल, तर शुद्ध शाकाहारी ठिकाणाला पर्याय नाही.

उत्तर ५ : कामठी रोड

मोमोबद्दल कोणी लिहिले नाही म्हणून थोडक्यात लिहिते. गोंदिया जिल्ह्यात गोठणगावजवळ 1972 पासून तिबेटी निर्वासितांची नॉर्ग्येलिंग वसाहत आहे, आणि हिवाळ्यात नागपुरात स्वेटर विकायला येणाऱ्या तिबेटी कुटुंबांशी आमच्या घराची जुनी ओळख आहे. त्यांच्या मूळ मोमोत मांसच असते आणि थुक्पाचे, म्हणजे नूडल्सच्या सूपचे, पाणी हाडांचे असते. भाजीचे मोमो मागवताना वाफेचे भांडे विचारावे, कारण मांसाचे मोमो वरच्या थरात असतील तर त्यांचा रस खालच्या थरावर ठिबकतो.

सहा जणांच्या टेबलासाठी मात्र मी बर्मी खाऊस्वे सुचवेन. नारळाच्या दुधात बेसन लावून केलेला पातळ रस्सा, त्यात नूडल्स, आणि वरून घालायचे सगळे लहान लहान वाट्यांत वेगळे येते : तळलेला कांदा, तळलेला लसूण, दाण्याचा कूट, लिंबू, कोथिंबीर, मिरचीची पूड. मूळ पाककृतीत रश्शातच चिकन आणि मासळीचा सॉस असतो. मात्र रस्सा साधा करून घेतला आणि चिकन वेगळ्या वाटीत मागवले, तर सहाही जण एकाच भांड्यातून वाढून घेतात. ज्याला कांदा-लसूण नको त्याने त्या दोन वाट्यांना हात लावू नये. भरड दाण्याचा कूट आणि बेसन जिभेला ओळखीचे असल्याने आमच्या सासूबाईंनीही ते दुसऱ्यांदा मागून घेतले होते.

आंबाझरी (प्रश्नकर्ती) :

सर्वांचे मनापासून आभार. काल रात्री हे सगळे यजमानांना वाचून दाखवले. गोकुळपेठ दादांचे म्हणणे त्यांनी शांतपणे ऐकले आणि सांगितले की शेजारच्या ताटाचा त्यांना कधीच त्रास नव्हता, आपल्या ताटात काय आहे हे खरे कळावे एवढेच हवे होते. 'जे' आहाराची माहिती त्यांनी मला पुन्हा वाचायला लावली. इतक्या दूर कोणीतरी नऊ दिवस कांदा-लसूण सोडते, याचे त्यांना फार अप्रूप वाटले.

आज दुपारी चार वाजता मी दोन ठिकाणी फोन केले. पहिल्या ठिकाणी 'या, करून देऊ' असे उत्तर आले, म्हणून तो विचार सोडला. दुसऱ्या ठिकाणचे आचारी स्वतः बोलले. खाऊस्वेच्या रश्शात कांदा-लसणाचे वाटण असते, ते वगळले तर आले आणि गवती चहा वाढवावा लागेल, चालेल का, असे त्यांनी विचारले. शेंगदाण्याची कोणाला अ‍ॅलर्जी आहे का, नूडल्स तांदळाच्या हव्यात की गव्हाच्या, हेही विचारले आणि गव्हाच्या हव्या असतील तर बिनअंड्याचे पाकीट उघडण्यापूर्वी टेबलावर आणून दाखवतो म्हणाले. रस्सा सहाही जणांसाठी एकच आणि चिकन वेगळ्या भांड्यात, असे सांगून मी शनिवारचे टेबल राखून ठेवले आहे. यजमानांनी नूडल्स तांदळाच्या सांगायला लावल्या आणि चॉपस्टिक धरायची सवय व्हावी म्हणून सध्या स्वयंपाकघरात दोन पेन्सिली घेऊन वाटाणे उचलत बसले आहेत.