जुने दप्तर रद्दीत घालायचे का?

नवा लिपिक: आमच्या अनुदानित शाळेत माळ्यावर जुन्या कागदपत्रांचे बस्तेच बस्ते आहेत. पावसाचं पाणी शिरलंय, वाळवी लागलीय. मुख्याध्यापक म्हणतात, "रद्दीवाल्याला बोलवा, मोकळं करा." वरच्याच गठ्ठ्यात उत्तरपत्रिका, रजेचे अर्ज आणि आधारच्या झेरॉक्स निघाल्या. काय करू?

दप्तरी: थांबा राव! आधी जनरल रजिस्टर, म्हणजे विद्यार्थ्यांच्या प्रवेशाची नोंदवही, बाजूला काढा. कागद किती वर्षं ठेवायचा त्यावरून त्याचा वर्ग ठरतो. ते अ वर्ग, म्हणजे कायम जतन. ब ३० वर्षं, क १०, क-१ ५, ड १ वर्ष. कुठला कागद कशात, ते माध्यमिक शाळा संहितेत, म्हणजे शाळांच्या नियमांच्या पुस्तकात बघा. ओबीसी जात पडताळणीला १९६७ पूर्वीची नोंद मागतात, विमुक्त-भटक्यांना १९६१ पूर्वीची. २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधताना शाळांची मोडी लिपीतली रजिस्टरंसुद्धा उघडली गेली. एक पान गेलं की कुणाच्या तरी नातवाचा जातीचा पुरावा गेला, आणि फी माफीही गेली.

शाळेतली आई: आणि रद्दीवाल्याला तर मुळीच नको. माझ्या पोराच्या भेळेचा कागद म्हणजे कुणाचा तरी प्रवेश अर्ज होता. फोटो, आईचा मोबाईल नंबर, सगळं. तेलकट झालेला तो फोटो अजून आठवतो.

दप्तरी: ताई, बरोबर. मुदत संपलेल्या कागदांची यादी करा, मुख्याध्यापकांची लेखी मंजुरी घ्या, दोन साक्षीदारांसमोर श्रेडरमध्ये घाला, पंचनामा लिहा. पंचनाम्याची फाईल मात्र फाडू नका हं!

नवा लिपिक: श्रेडर नाहीये. बादलीत भिजवून लगदा केला तर?

दप्तरी: चालेल. अक्षर वाचता येईनासं होईपर्यंत कुजवा.