'कासव दिसलं नाही तर पैसे परत' ही ऑफरच बंद व्हायला हवी

सुरुंगी

चार दिवसांपूर्वी 'सहकारनगर' यांनी मालवणच्या स्नॉर्कलिंग ट्रिपबद्दल लिहिलं होतं. ज्यांचं वाचायचं राहिलं त्यांच्यासाठी थोडक्यात: किल्ल्यापलीकडच्या खडकाळ भागात होडी नेली, गाइडने पंचवीस मिनिटांत ऑलिव्ह रिडले 'काढून दाखवलं', मुलाने त्याच्या पाठीवरून हात फिरवला, कासव दिसलं नसतं तर पैसे परत मिळणार होते, सगळ्यांनी जाच. खाली बावीस सेकंदांचा व्हिडिओ.

तो व्हिडिओ मी पाच-सहा वेळा बघितला आणि तेव्हापासून डोक्यातून जात नाहीये. कासव खडकावरचं शेवाळ खातंय (म्हणजे ते रिडले नाही, ग्रीन टर्टल आहे, रिडले खेकडे, कोळंबी, जेलीफिश असलं खातं). मग ते मान वर करतं आणि पुढचे वल्ह्यासारखे पाय मारत वर यायला निघतं. आठव्या-नवव्या सेकंदाला वरून गाइडचा हात येतो, पाठोपाठ मुलाचा, आणि कासव अर्ध्यातूनच वळून तिरकं खाली जातं. अहो ते श्वास घ्यायला वर येत होतं! त्याला फुप्फुसं आहेत, कल्ले नाहीत. आपल्या डोक्यावर कुणीतरी हात ठेवून पाण्याखाली दाबावं तसं झालं ते.

मी ट्रिपच्या विरोधात नाही, आधीच सांगते. मागच्या डिसेंबरात मी स्वतः गेले होते. आमच्या गाइडने होडीतच सांगितलं, सगळ्यांनी रिंग धरून तरंगायचं, पाय मारायचे नाहीत, कासव दिसलं तर त्याच्याकडे जायचं नाही, ते आलं तर येईल. चाळीस मिनिटं काही नाही, पाणी गढूळ, मास्कवर सारखं धुकं धरत होतं, थुंकी लावून पुसायचं आणि परत तोंड पाण्यात. आणि मग ते आमच्यापासून चार-पाच हात लांब स्वतःहून वर आलं. डोकं बाहेर काढलं, फुस्सकन श्वास सोडला, घेतला आणि खाली गेलं. तो आवाज अजून कानात आहे.

माझं म्हणणं एवढंच, की खोट त्या ऑफरमध्ये आहे. पैसे परत द्यायची वेळ येऊ नये म्हणून गाइड कासवाला हुडकून, घेरून गिऱ्हाइकासमोर आणणारच. १९७२ च्या वन्यजीव कायद्यात समुद्री कासव अनुसूची १ मध्ये आहे, वाघाच्या पंगतीत. ताडोब्यात कुणी 'वाघ नाही दिसला तर पैसे परत, हात लावायला मिळेल' अशी पाटी लावली तर चालेल का आपल्याला?

देवबागचो_झील

ताई, माझी होडी आहे आणि माझ्या पाटीवर हीच ओळ आहे, म्हणून मीच उत्तर देतो. व्हिडिओतला गाइड मी नाही.

तुम्ही डिसेंबरात एकदा आलात. आमचा धंदा २५ मे ला बंद होतो तो थेट सप्टेंबरात उघडतो, त्यातही दिवाळी, नाताळ आणि मे सोडला तर मधले दिवस किनाऱ्यावर माशा मारत बसायचं. होडीचं कर्ज आहे, इंजिनाचं वेगळं. गिऱ्हाईक गाडीतून उतरायच्या आधी काच खाली करून विचारतं, कासव दिसणार का? मी म्हटलं सांगता येत नाही, की काच वर, गाडी पुढच्या स्टॉलवर. दोन सीझन मी खरं बोलून बघितलं. तिसऱ्या सीझनला पाटी रंगवली.

आणि नियमाचं म्हणाल तर २०२२ च्या मे मध्ये तारकर्लीला होडी उलटून दोन पर्यटक गेले, तेव्हा मी किनाऱ्यावर होतो, ओढून आणलेल्या माणसांच्या छातीवर दाब देत होतो. त्या दिवसापासून जॅकेटशिवाय एकालाही होडीत पाय ठेवू देत नाही. आम्हाला जिवाची किंमत कळत नाही असं लिहू नका.

सुरुंगी

असं मी कुठेच लिहिलं नाही. पण जॅकेटचा नियम माणसं गेल्यावर पाळायला लागलो, मग कासवाच्या बाबतीत कशाची वाट बघायची?

सहकारनगर

तो व्हिडिओ माझा. वाईट वाटलं, स्पष्ट सांगतो. माझा मुलगा नऊ वर्षांचा आहे, पाण्याला घाबरायचा, वर्षभर टँकवर नेऊन तयार केला त्याला. त्या दिवशी पाण्यातून बाहेर आला तो थरथरत होता आणि हसत होता, रात्री झोपेपर्यंत कासव सोडून दुसरं बोलला नाही. तो आता कासवांवरची पुस्तकं मागतोय. ह्या पोराला तुम्ही गुन्हेगार ठरवताय? हात लावायचा नाही हे आम्हाला कुणीही सांगितलं नव्हतं, गाइडनेच त्याचा हात धरून नेला. आणि कोकणात समुद्र बघायचा तर सगळं काठावरूनच बघायचं का?

सुरुंगी

पोराला एक अक्षर बोललेले नाही, परत वाचा. तुम्हाला कुणी सांगितलं नाही, माझी तक्रार तीच आहे.

रापणकर

तुमका एक हात दिसलो, आमका जाळ्यात बुडान मेलेली कासवां दिसतत. पुढचं मराठीतच लिहितो, नायतर समजाचा नाय.

मी मालवणात जन्मलो, बापजाद्यांपासून रापण, म्हणजे किनाऱ्यावरून दोरीने ओढायचं जाळं. कासव पर्यटकाच्या हाताने मरत नाही हो, जाळ्यात मरतं. रात्रीचे ट्रॉलर तासन् तास जाळं ओढतात, कासव अडकलं की वर येता येत नाही, गुदमरतं. पर्ससीनवाले, म्हणजे मोठ्या घेरजाळ्याच्या बोटी, एलईडी दिवे लावून सगळा मासा एका झटक्यात उचलतात. २०१६ च्या आदेशाने पर्ससीन सप्टेंबर ते डिसेंबरच चालायला हवी, केंद्राने २०१७ मध्ये एलईडी बंद केली, आणि फेब्रुवारीत रात्री आमच्या दारातून बघा, समुद्रात दिवाळी असते. त्यावर कधी एवढं लांबलचक लिहिलंत का?

खेकडा_७

रापणकरांशी सहमत. म्हणूनच अमेरिकेने २०१८ पासून आपली समुद्रातली कोळंबी घेणं बंद केलं, कारण ट्रॉलच्या जाळ्यात टेड नाही, म्हणजे कासवाला निसटायला सळ्यांची चौकट आणि झडप. कोचीच्या सीआयएफटीने (केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्था) आपल्या जाळ्यांसाठी टेड तयार करून कित्येक वर्षं झाली. बसवा म्हटलं की मासा निसटतो म्हणून ओरड.

मिरकरवाडा

पर्ससीनचं नाव निघालं म्हणून बोलतो, आमच्या घरात पर्ससीन आहे. मुळात टेड ट्रॉलसाठी असतं, पर्ससीनला त्याचा संबंधच नाही. पर्ससीनचं जाळं गोल असतं, वर उघडं, कासव आत आलं तरी श्वासाला वर येऊ शकतं, आम्ही दोघं-तिघं मिळून उचलून बाहेर सोडतो. बुडून मरतं ते गिलनेटच्या, म्हणजे मासा कल्ल्यांत अडकवणाऱ्या जाळ्यात, रात्रभर पाण्यात लावून ठेवलेल्या. आणि ती जाळी कुणाची? तुमच्याच वाड्यातल्यांची. कासवाच्या नावाखाली पर्ससीनवर राग काढू नका. मासळीची भांडणं वेगळी.

रापणकर

वेगळी कशी? समुद्र एकच ना? बांगडा तुम्ही नेलात म्हणून आमच्या पोरांनी रापण सोडून स्कुबाचे स्टॉल टाकले. हा देवबागचा झील कुणाचा मुलगा आहे ते विचारा त्याला. त्याचे वडील आमच्याबरोबर रापणीची दोरी ओढायचे. मासा असता तर तो कशाला कासव दाखवत फिरला असता?

देवबागचो_झील

काका, घरच्या गोष्टी इथे नको. पण खोटं नाही ते.

मिरकरवाडा

सगळा मासा आम्ही नेला, सगळी पापं आमची, बरं. माझ्या भावाने मागच्या वर्षी नवी बोट घेतली, अर्ध्या ट्रिपा डिझेलचे पैसे पण सुटले नाहीत. आम्हाला पण पोरं आहेत.

खेकडा_७

गिलनेटबद्दल मिरकरवाडा बरोबर बोलतायत, हे मान्य करायला मला जड जातंय. पण त्यावर उपाय निघालाय. २०१८ च्या डिसेंबरपासून राज्याची योजना आहे, कासव, डॉल्फिन, देवमासा असं संरक्षित काही अडकलं आणि ते सोडवायला जाळं कापावं लागलं तर २५,००० पर्यंत भरपाई मिळते. मग कापायला हरकत काय?

रापणकर

हरकत काय ते सांगतो. पहाटे तीन वाजता, होडीत मी आणि माझा पुतण्या. जाळं जड लागलं. वर घेतलं तर कासव, पुढचा पाय जाळ्यात तीन पदरी पिळलेला, डोळे मिटलेले. भरपाईला फोटो लागतो. एका हातात बॅटरी, एका हातात सुरी, फोटो कोण काढणार? मी आधी जाळं कापलं. कासव हलत नव्हतं, पुतण्या म्हणाला मेलं, टाकूया. मी नाही टाकलं. तसंच टाकलं तर खाली जाऊन बुडतं. मागची बाजू फळीवर उचलून ठेवली, डोकं खाली, वर ओलं गोणपाट. नाकातोंडातून पाणी गळत होतं. उजाडून दीड-दोन तास झाले तेव्हा त्याने एकदा मान उचलली. मग मागच्या अंगाने हळू पाण्यात सोडलं. फोटो नाही, म्हणून अर्ज पण केला नाही. जाळं आठ हजारांचं होतं. पुन्हा अडकलं तर पुन्हा कापीन, पण 'हरकत काय' असं मला कुणी विचारू नये.

खेकडा_७

माफ करा. तुमची बाजू ठाऊक नसताना बोललो.

बाणकोटची_खाडी

मूळ मुद्द्यावर या आता, अर्धा धागा जाळ्यात गेला. मी मंडणगड तालुक्यातली. आमच्या वेळासला पूर्वी लोक अंडी उकरून न्यायचे, विकायचे, खायचे, माझ्या आजीने खाल्लेली आहेत. २००२ मध्ये चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्रने काम सुरू केलं, घरटी कुंपणात आणली, पुढे कासव महोत्सव सुरू झाला आणि घराघरांत पाहुणे राहायला लागले. आज अंड्यांना हात लावायची कुणाची हिंमत नाही, कारण फेब्रुवारी-मार्चमध्ये त्या पाहुण्यांवर घर चालतं. पर्यटक आला म्हणून कासव वाचलं. तेव्हा सुरुंगीताई, पर्यटकांना हाकलून लावाल तर कासव परत पोळीबरोबर ताटात येईल.

सुरुंगी

पण वेळासला पाहुणा कुठे उभा असतो? दोरीच्या मागे. पिल्लाला हात लावू देतात का? आणि पिल्लं कधी निघतील ते वाळू ठरवते, ४५ ते ५५ दिवस कधीही. दोन दिवस राहून एकही पिल्लू न बघता परत गेलेले लोक मला माहीत आहेत, त्यातल्या कुणी पैसे परत मागितले नाहीत. तुम्ही जे सांगताय ते माझ्याच बाजूचं आहे.

बाणकोटची_खाडी

जमिनीवर दोरी बांधता येते, पाण्यात कुठे बांधणार? तेवढा फरक तरी धरा. बाकी पैशांचं खरं आहे. आम्ही होमस्टेवाले बुकिंगच्या वेळीच सांगतो, पिल्लं आमच्या हातात नाहीत, मासे-भाकरी आमच्या हातात आहे.

सहकारनगर

ह्यापेक्षा सरळ लक्षद्वीपला जावं, नितळ पाणी, तिथे गाइडला काही 'काढून' दाखवावं लागत नाही, असं आता वाटतंय.

खेकडा_७

जरूर जा, पण तिथेही सगळं गोड नाही. अगत्तीला ग्रीन टर्टल एवढी वाढली की समुद्रगवताची कुरणं चरून बोडकी केली, मासे कमी झाले म्हणून तिथले मच्छीमार कासवांवर वैतागलेत.

रापणकर

बघा. शेवटी मासा कमी झाला की दोष कासवाला नायतर आम्हाला.

सुरुंगी

रापणकर, तुमची ती पहाट वाचून मी बराच वेळ काही लिहू शकले नाही. जाळ्यांनी जास्त कासवं मरतात हे मी मान्य करते, आणि त्यावर मी आजवर कधी लिहिलं नाही हेही खरं. पण तुम्ही पहाटेपासून ओलं गोणपाट घालून वाचवलेलं कासव सकाळी दहा वाजता कुणीतरी श्वास घेताना पाण्यात दाबतं, आणि का, तर पंधराशे रुपये परत द्यायला लागू नयेत म्हणून. ते तुम्हाला चालतं का? सरळ विचारतेय.

रापणकर

नाय चालत.

पण १९८७ मध्ये सागरी अभयारण्य जाहीर केलं तेव्हा आमका कुणी विचारलं नव्हतं, म्हणून आम्ही आजपर्यंत त्याच्या विरोधात आहोत. आता पण वरून नियम नको. झिलान आपणहून पाटी काढूक होयी.

देवबागचो_झील

मी एकट्याने काढली तर बाजूचा गिऱ्हाईक घेणार, हे काकांना पण माहीत आहे. कासवाला हात मी कधी लावू दिलेला नाही, पण पाव टाकतो, मासे जमावेत म्हणून, आणि कासव दिसलं की पोरांना त्याच्या बाजूला वळवतो. ते वर येत असतं हे माझ्या डोक्यात कधी आलं नाही. आम्ही त्याला लाजतं म्हणायचो.

सहकारनगर

मुलाला तो व्हिडिओ परत दाखवला. नवव्या सेकंदाला थांबवून काय होतंय ते सांगितलं. तो म्हणाला, बाबा मग त्याने नंतर श्वास घेतला का? मला उत्तर देता आलं नाही. व्हिडिओ काढून टाकतोय. सुरुंगी, तुमची भाषा मला अजूनही टोचलेली आहे, पण मुद्दा पटला. देवबागचे भाऊ, तुमच्याकडे येऊ का डिसेंबरात? कासव नाही दिसलं तरी पूर्ण पैसे देईन.

देवबागचो_झील

या. सकाळी सातला किनाऱ्यावर हजर राहा, दुपारचा खारा वारा सुटला की पाणी ढवळतं आणि काही दिसत नाही. पोराच्या मापाचं जॅकेट आहे माझ्याकडे. पाव टाकणार नाही, बिस्किटं पण आणू नका. पाटीवरची ती ओळ आज पुसली, रंग ओला आहे अजून. ह्या सीझनला किती गाड्या पुढे जातात ते मेमध्ये इथेच येऊन सांगतो.