प्रेक्षक आटला नाही, मैदानं गावाबाहेर गेली

दुसरी स्लिप

गेल्या हिवाळ्यात एका मंगळवारी रजा टाकून पुण्याबाहेरच्या गहुंजे स्टेडियमला रणजी बघायला गेलो होतो. जेवणाच्या सुट्टीआधी डोकी मोजली. एक्केचाळीस. त्यातली काही खेळाडूंच्या घरची असणार, कारण एका ठरावीक पोराने चौकार मारला की तेच चार जण उठून टाळ्या वाजवायचे. बाकी शांतता इतकी की विकेटकीपरची बडबड वर शब्दन् शब्द ऐकू येत होती.

पंधरा दिवसांनी एका लग्नासाठी कोल्हापूरला गेलो. आदल्या दिवशी मेहुण्याने शाहू स्टेडियमवर नेलं. तिथल्या लीगचा फुटबॉल सामना, पाटाकडील विरुद्ध दिलबहार. सामना चारचा, आम्ही साडेतीनला पोहोचलो, तर उभं राहायला जागा मिळाली ती एका खांबामागे. डावीकडचा गोल मी डोळ्यांनी नाही, आवाजाने बघितला.

आता दर्जाचं म्हणाल तर रणजीतला सहाव्या नंबरचा फलंदाजसुद्धा राज्यातून निवडून आलेला असतो. कोल्हापूरच्या लीगला देशाच्या फुटबॉलमध्ये कुठली पायरी आहे ते कोल्हापूरकरही सांगतील. मग माणसं तिकडे का आणि इकडे का नाहीत?

माझं उत्तर सरळ आहे. शाहू स्टेडियम गावात आहे. पुण्याचं क्रिकेटही एकेकाळी गावात होतं. २९ फेब्रुवारी १९९६ ला केनियाने वेस्ट इंडीजला ९३ धावांत गुंडाळलं ते स्वारगेटजवळच्या नेहरू स्टेडियमवर. मी कॉलेज बुडवून सायकलवर गेलो होतो. आज त्याच पुण्यातल्या पोराला मॅच बघायची तर एक्स्प्रेसवेच्या कडेला, पंचवीसेक किलोमीटरवर जावं लागतं. सायकल घेऊन कोण जाणार? 'लोकांना आता रस राहिला नाही' हे मला पटत नाही. आपणच मैदान त्यांच्या रस्त्यातून उचललं.

हिशेबनीस

कॉलेज बुडवलंत तो विश्वचषक होता मालक, रणजी नव्हे. नेहरू स्टेडियमवर मंगळवारच्या रणजीला किती सायकली लागायच्या तेही सांगा की.

अंतराचं म्हणाल तर याच गहुंजेचा दाखला देतो. २०१८ च्या आयपीएलमध्ये कावेरीच्या आंदोलनामुळे चेन्नईचे सामने पुण्याला हलवले. तेव्हा चेन्नईहून पिवळ्या टी-शर्टवाल्यांनी भरलेली आख्खी रेल्वे पुण्याला आली होती. हजारभर किलोमीटर! आणि तुम्हाला कोथरूडहून पंचवीस जमेनात.

लोक खेळ बघायला येत नाहीत, माणूस बघायला येतात. जानेवारी २०२५ मध्ये विराट कोहली दिल्लीकडून रेल्वेविरुद्ध रणजी खेळला तेव्हा फुकट प्रवेशासाठी फाटकावर चेंगराचेंगरी व्हायची वेळ आली. दुसऱ्या दिवशी तो सहावर बोल्ड झाला आणि स्टँड रिकामे व्हायला लागले. मॅच तीच, मैदान तेच.

जामठ्याच्या अलीकडे

नागपूरकर म्हणून धागाकर्त्याला अर्धं अनुमोदन. आमच्याकडे सिव्हिल लाइन्सचं मैदान शहराच्या पोटात होतं. टेस्ट लागली की सुटीच्या दिवशी बाप पोराला स्कूटरवर पुढे उभं करून घेऊन जायचा, मी तसाच गेलोय. २००८ पासून मोठे सामने वर्धा रोडवर जामठ्याला. तिथली पहिलीच टेस्ट ऑस्ट्रेलियाविरुद्ध, गांगुलीची शेवटची, तरी खुर्च्या मोकळ्या होत्या. हिशेबनीसांनी याचं उत्तर द्यावं. गांगुलीपेक्षा मोठा 'माणूस' त्या आठवड्यात दुसरा कोण होता?

अर्धंच अशासाठी, की वनडे आणि टी-२० ला तेच जामठा ओसंडून वाहतं. रात्री परतताना दोन-दोन तास गाडी हलत नाही, तरी लोक जातात. म्हणजे एका संध्याकाळीपुरतं अंतर माणूस सोसतो. पाच दिवस रोज नाही.

तालमीतला

आमच्या फुटबॉलचं कौतुक झालं, बरं वाटलं. पण भावा, गावात मैदान आहे म्हणून गर्दी होते हे तुझं चुकलंय. गावात खासबागचं कुस्ती मैदानही आहे की! शाहू महाराजांनी १९१२ ला बांधलेलं, बशीसारखं खोलगट, कुठंही बसला तरी हौद दिसतोय. तिथं आता मोठ्या कुस्त्या असल्या की भरतंय, नाहीतर शेवटच्या कुस्तीलाच काय ती जाग. पायी जायच्या अंतरावर असून.

फुटबॉलला गर्दी का, तर टीम तालमीची आहे. शिवाजी तरुण, खंडोबा, बालगोपाल, प्रॅक्टिस ही नुसती क्लबांची नावं न्हवंत. गणपतीची वर्गणी तिथंच, मयतीला खांदा द्यायला पोरं तिथलीच, आणि रविवारी गोलकीपरही तिथलाच. हरलं तर सोमवारी दूध आणायला जातानाही टोमणा ऐकावा लागतोय. मधल्या काळात आफ्रिकेतले खेळाडू आणले, तेही चार महिन्यांत पेठेचे झाले, तांबडा-पांढरा ओरपायला लागले.

आणि खांबामागून तुला जे दिसलं नाही तेही सांगतो. हुल्लडबाजी. दगड पडलेत, सामने थांबवायला लागलेत, बंदोबस्ताशिवाय मोठी मॅच होत नाही. आमची आई स्टेडियमपासून चार गल्ल्यांवर राहते, साठ वर्षांत एकदाही आत गेलेली नाही.

लेडीज डबा

शेवटच्या वाक्याबद्दल तालमीतल्यांचे आभार. इथपर्यंत वाचताना हाच विचार करत होते, की तुम्ही सगळे 'प्रेक्षक' म्हणता तेव्हा मोजता कुणाला?

२ नोव्हेंबर २०२५ ला महिला विश्वचषकाच्या फायनलला मी डी. वाय. पाटीलला होते. मी, माझी मुलगी आणि एकाहत्तर वर्षांच्या सासूबाई. त्यांचा हा आयुष्यातला पहिला स्टेडियममधला सामना. पावसामुळे खेळ दोन तास उशिरा सुरू झाला, पण स्टँडमधून उठलं कोण? सासूबाईंनी पर्समधून शंकरपाळी काढून मागच्या-पुढच्या दोन रांगांत वाटली (पर्स तपासणाऱ्या मुलीने डबा बघून न बघितल्यासारखं केलं, देव तिचं भलं करो). दीप्तीने पाचवी विकेट घेतली तेव्हा मध्यरात्र होत आली होती. नेरूळ स्टेशनकडे चालताना पुढे-मागे बायका, मुली, गालावर रंग, आणि कुणालाही घरी पोहोचायची घाई नव्हती.

या स्पर्धेची तिकिटं शंभर रुपयांपासून ठेवली होती. स्टेशन जवळ. आणि मैदानावर आपल्यासारख्या दिसणाऱ्या मुली. यातलं एक कारण वेगळं काढून 'हेच खरं' म्हणता येणार नाही मला.

याआधी एका मोठ्या मैदानावर, नाव घेत नाही, पुरुषांचा सामना बघायला गेले होते. आमच्या स्टँडला बायकांचं एक स्वच्छतागृह, त्याला कडी नाही. मुलगी आत, मी दार धरून बाहेर. बारा षटकं तशीच गेली. परत गेले नाही. तुमच्या आकडेवारीत मी 'रस कमी झालेला प्रेक्षक' म्हणून जमा असेन.

हिशेबनीस

@लेडीज डबा, स्वच्छतागृहाबद्दल वाद नाही. पण फायनल होती आणि भारत होता. तेच मैदान महिलांच्या साध्या स्थानिक सामन्याला किती भरतं? माझा मुद्दा तिथेच उभा आहे.

लेडीज डबा

उभा राहू द्या, बसायला खुर्च्या भरपूर आहेत. पण स्थानिक सामना कधी आणि कुठे आहे हे मला आजवर एकदाही कळलेलं नाही. तुम्हाला कळतं?

घाटावरचा

आंबेगाव तालुका. क्रिकेटवाल्यांच्या भांडणात पडायचं नव्हतं, पण अंतराचं ऐकून राहवेना. आमचा बैलगाडा शर्यतीचा घाट, म्हणजे गाडे पळवायचा माळ, गावापासून दोन किलोमीटर, एसटी जात नाही, सावली म्हणाल तर एक बाभूळ. यात्रेला या आणि पाय ठेवायला जागा मिळते का बघा.

२०१४ ला सुप्रीम कोर्टाने शर्यतींवर बंदी घातली. त्या काळात यात्रा व्हायची, पालखी निघायची, तमाशाही यायचा, पण दुपार कशी खायला उठायची. मुंबईला गेलेली पोरं रात्री येऊन सकाळी परत. डिसेंबर २०२१ ला परवानगी मिळाली आणि मे २०२३ ला घटनापीठाने कायदा उचलून धरला. पहिल्या यात्रेला जावई मंडळी दोन दिवस आधी हजर! बारी, म्हणजे एका गाड्याची धाव, पळते किती, तर बारा-तेरा सेकंद. तेवढ्यासाठी माणूस पहाटेपासून उन्हात बसतो. कारण तो बैल कुणाचा, कुणी पोसला, कुणाच्या कर्जातून घेतला, सगळं माहीत असतं. प्राणिमित्रांचं म्हणणं वेगळं आहे, त्यावर दुसरीकडे भांडू. इथे विषय गर्दीचा आहे.

सतरंजीवाला

खेळ सोडून एक प्रश्न. आमच्या भागात छोटी व्याख्यानमाला आहे, मी कार्यकर्ता. पूर्वी दीडशे माणसं यायची, आता पन्नास. वक्ता उभा राहिला की आमचं 'पुढे या, पुढे या' सुरू. तीन वर्षांपूर्वी यूट्यूबवर थेट दाखवायला लागलो, तर घरून चारशे जण बघतात, अमेरिकेतून प्रश्न येतात. मग आमची उपस्थिती वाढली की घटली? समितीत यावर दोन तट आहेत आणि अध्यक्ष दोन्हीकडे आहेत.

तालमीतला

वाढली म्हण आणि पुढच्या वेळी सतरंज्या उचलायला यूट्यूबवाल्यांना बोलव.

यारा नदीकाठचा

मेलबर्नहून. २०२४ च्या बॉक्सिंग डे टेस्टला एमसीजीवर पाच दिवसांत मिळून ३,७३,६९१ माणसं आली. तिथला १९३६-३७ पासूनचा विक्रम मोडला, आणि तोही ब्रॅडमनच्या काळातला. पाचव्या दिवशी मी होतो. त्यामुळे 'टेस्टला आता कोण येतं' हे मी तरी ऐकून घेणार नाही.

धागाकर्त्याच्या बाजूने: मैदान शहराच्या मध्यभागापासून चालत जाण्याइतकं जवळ, दोन स्टेशनं दाराशी. हिशेबनीसांच्या बाजूने: समोर भारत, कोहली, बुमराह. पण एक तिसरीच गोष्ट आहे. इथे २६ डिसेंबरला टेस्ट असते हे शाळकरी पोरालाही माहीत असतं. माझा शेजारी त्याच्या आजोबांसोबत जायचा, आता नातीला नेतो, समोर कोण खेळतंय ते आत गेल्यावर बघतो. आपल्याकडे कुठल्या गावाची टेस्ट कुठल्या महिन्यात, कुणी छातीवर हात ठेवून सांगेल? पुण्यात २०१९ नंतर टेस्ट आली ती थेट २०२४ ला. पाच वर्षांनी येणाऱ्या पाहुण्यासाठी कोण रजा राखून ठेवेल?

दुसरी स्लिप

खासबागने माझी दांडी उडाली, कबूल. आणि बैलगाड्यांनी राहिलेली बेल्सही. नुसत्या अंतराने भागत नाही.

पण मग पुण्याचं सांगतो. २०११ ला आयपीएलची वॉरियर्स आली. घरात आम्ही दोघा भावांनी टी-शर्ट घेतले. २०१३ नंतर टीम गायब. २०१६ ला सुपरजायंट आली, भावाने पुन्हा टी-शर्ट घेतला, मी नाही घेतला. २०१७ ला फायनल, मुंबईकडून एका धावेने हरलो. त्या रात्री भाऊ जेवला नाही, तालमीतल्या, अगदी तुमच्या पेठेतल्यासारखा. आणि मग तीही टीम गेली, कारण करारच दोन वर्षांचा होता. ते सगळे टी-शर्ट आता गाडी पुसायला आहेत. पुणेकराला लळा लागत नाही असं नाही हो, लागेपर्यंत कुणी थांबलंच नाही. चेन्नईवाल्यांची रेल्वे पिवळी होती, कारण २००८ पासून रंग बदलला नव्हता.

रणजीचा संघ मात्र इथलाच आहे. तो कुठे जाणार नाही. पुढचा घरचा सामना लागला की मी परत जाणार आहे. गाडीत तीन जागा रिकाम्या आहेत. कर्वे रोडवरून साडेआठला निघेन. हिशेबनीस, येताय?

हिशेबनीस

आधी कोण खेळतंय ते कळवा.

लेडीज डबा

मी येते. सासूबाई विचारतायत, डबा आत नेऊ देतात का?